नव्वद नंबर

गिअरबॉक्सला फिल्टर नसतो. इंजिनाला असतो. इंजिनाचं तेल फिल्टरमधून फिरतं, घाण तिथं अडकते, सर्व्हिसिंगला फिल्टर बदलतात. साध्या मालवाहू पिकअपच्या गिअरबॉक्सात तसलं काही नाही. जे झिजलं ते आतच राहतं. दातांचा पोलादी भुगा, रिंगांचं पितळ, सगळं त्याच तेलात फिरतं आणि जे शाबूत आहे त्याला घासत बसतं. म्हणून ते तेल बदलायचं असतं. इतकी साधी गोष्ट. पण अकरा वर्षं गाड्यांखाली पाठ टेकली, तेवढ्यात ही गोष्ट मला एकाही माणसानं सांगितली नाही.

दोस्तहो, तुम्ही म्हणाल, आपल्या अंकात कविता येतात, मोर्चाचे वृत्तांत येतात, आणि हा गडी तेल घेऊन काय बसलाय. बसू द्या. तुमच्या घरात नाहीतर शेजारात कुणीतरी स्टिअरिंगवर आहे, कुणीतरी पाना हातात घेऊन आहे. चौदा एप्रिलला बॉक्स ज्या पिकअपवर चढतात, सहा डिसेंबरला पुस्तकांचे गठ्ठे ज्या पिकअपमधून दादरला उतरतात, ती गाडी कुणाच्या तरी हप्त्यावर चाललेली असते. (जाता जाता सांगतो, मिरवणुकीत तासन्‌तास गाडी रांगवता तेव्हा मरतो तो क्लच. गिअरबॉक्स नव्हे. अर्ध्या क्लचवर गाडी धरून नाचणाऱ्या पोरांकडं बघत बसणाऱ्या ड्रायव्हरला कुणीतरी हे सांगा.)

मी चौदाव्या वर्षी गॅरेजात लागलो. हायवेच्या कडेचं गॅरेज, नाव कशाला. काम एकच, खाली जा. नट खोल, तेल काढ, तेल भर, नट आवळ. कोपऱ्यात मोठं पिंप उभं असायचं. त्याला 'नव्वद नंबर' म्हणायचे. जीप आली, टाक नव्वद. टेम्पो आला, टाक नव्वद. गिअरबॉक्सात नव्वद, मागच्या क्राउनमध्येही नव्वद. पिंपावर इंग्रजी अक्षरं छापलेली होती, पण वाचणारं कोण होतं?

उस्तादाचा एक नियम होता. 'आधी वरचा नट खोल, मग खालचा.' गिअरबॉक्सला दोन नट असतात. बाजूला, जरा वर, तेल भरायचा. तळाशी तेल काढायचा. मला वाटायचं, तेल काढायचं आहे तर खालचा आधी खोलावा ना. एकदा विचारलं, 'उस्ताद, वरचा आधी का?' उत्तरादाखल सतरा-एकोणीसचा पाना आला, खांद्यावर बसला. 'तुला सांगितलं तेवढं कर.'

आता उस्तादाला शिव्या देणं सोपं आहे. पण तो काही सवर्ण नव्हता. वस्तीतलाच होता, कुणाच्या तरी लाथा खाऊनच शिकलेला. त्याचं पोट त्याच्या 'का'वर चालायचं. पोऱ्याला 'का' कळला तर पोऱ्या उद्या समोरच गॅरेज टाकणार, ही भीती. त्यामुळं हात वाटून द्यायचे, 'का' मुठीत ठेवायचा. वरून खालपर्यंत हीच रीत आली आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नसत. तिथं मजुरी जास्त. कारण काय सांगायचे, तर धोट्यातला तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो, ती थुंकी चालत नाही. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपात हा प्रश्न युनियनपुढं ठेवला, पुन्हा १९३८ ला मनमाडच्या रेल्वे कामगारांपुढं मांडला. गॅरेजात थुंकीचा प्रश्न नाही. तिथं जात कुणी विचारत नाही, तेलानं सगळ्यांचेच हात काळे. पण जिथं अक्कल लागते आणि पैसा मिळतो ते दार तिथंही आतून लावलेलंच असतं.

मुद्द्यावर येतो.

धाकट्या भावाची पिकअप आहे. नारायणगावचा टोमॅटो भरायचा, माळशेज उतरायचा, कल्याणला टाकायचा, परत यायचं. घाटात उतरताना ब्रेकवर गाडी सोडून चालत नाही, गिअरात धरावी लागते. तिसऱ्यातून दुसरा टाकला की खर्रर्र. आधी कधीमधी, मग रोज. भरलेली गाडी, खाली दरी, आणि दुसरा गिअर पडत नाही. ज्यानं घाट उतरवला आहे त्याला पुढचं सांगायला नको.

तो ज्या गॅरेजात सर्व्हिसिंग करायचा तिथला शेठ म्हणाला, 'रिंगा गेल्या. बॉक्स उतरवावा लागंल.' खर्च सांगितला तो दोन हप्त्यांएवढा. भाऊ गप्प. मी गप्प. भावाची पोरगी बरोबर होती, बारावीला सायन्सला आहे. तिनं डॅशबोर्डच्या खणातनं गाडीचं पुस्तक काढलं. प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फाडलेली नव्हती. इंग्रजी पुस्तक कोण उघडतंय? तिनं पान काढलं आणि शेठला विचारलं, 'काका, गेल्या टायमाला गिअरबॉक्सात कुठलं ऑइल टाकलं?'

'नव्वद.'

'नव्वद कुठलं? जीएल चार का जीएल पाच?'

शेठनं तिच्याकडं बघितलंच नाही. भावाकडं बघून म्हणाला, 'पोरगी लई शिकली वाटतं.'

पोरगी तोवर पिंपापाशी जाऊन छापलेलं वाचून आली. जीएल-५. पुस्तकात गिअरबॉक्सपुढं लिहिलं होतं जीएल-४, मागच्या क्राउनपुढं जीएल-५. दोन्हीकडं पिंप तेच.

यातला फरक सांगतो, कारण गॅरेजात तो कुणी सांगत नाही. तेलाच्या डब्यावर दोन गोष्टी असतात. एक जाडी, म्हणजे ८०डब्ल्यू-९०, ७५डब्ल्यू-९० असले आकडे. (नव्वदचं गिअर ऑइल चाळीसच्या इंजिन ऑइलपेक्षा दुपटीनं जाड, असं काही नाही. दोन्हीची मोजपट्टीच वेगळी आहे. गिअरचं नव्वद हे इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच भरतं.) दुसरी गोष्ट प्रत, म्हणजे तेलात दाब सोसणारं औषध किती घातलंय ते. हे औषध गंधक आणि फॉस्फरसचं. गिअर ऑइलला तो घाण वास येतो तो गंधकाचा. जीएल-५ मध्ये हे औषध जीएल-४ च्या साधारण दुप्पट. क्राउन-पिनियनला ते लागतंच. तिथं दात दातावर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतातही. कमी औषधाचं तेल घातलं तर क्राउन खाऊन जातो.

गिअरबॉक्साची गोष्ट उलटी. आपण दुसरा टाकतो तेव्हा आतली पितळी रिंग आधी गिअरच्या निमुळत्या भागावर जाऊन घासते. त्या घासण्यानं दोघांचा वेग एक होतो, मग दात गुपचूप दातात बसतात. म्हणजे रिंगेला थोडं घासणं पायजेच. तेल फाजील गुळगुळीत असलं तर रिंग नुसती घसरते, वेग जुळत नाही, दात दातावर आपटतात. वर ते गंधकाचं औषध पितळेला धार्जिणं नाही. गाडी गरम, ओझं जास्त, घाट रोजचा, असं असलं की ते पितळ खातं. 'जीएल-५ म्हणजे जीएल-४ पेक्षा भारी, भारी ते सगळीकडं चालतं' ही समजूत पार खोटी आहे. पण हेही ध्यानात ठेवा, काही गाड्यांच्या पुस्तकात गिअरबॉक्सलाही जीएल-५ लिहिलेलं असतं. तेव्हा पुस्तक बघायचं. माझंही ऐकायचं नाही.

आम्ही बॉक्स उतरवू दिला नाही. आधी तेल तर बदलून बघू म्हटलं. दुकानात गेलो तर दुकानदार विचारतो, 'कंच्या जातीचं देऊ?' मी म्हणालो, 'प्रतीचं म्हणा, शेठ.' तो हसला. मी हसलो नाही.

वस्तीत सपाट जागा एकच, समाजमंदिरापुढचा कोबा. गाडी सपाट उभी पाहिजे, नाहीतर तेलाची पातळी खोटी लागते. आधी दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणली. कोमट तेल पातळ होतं, गाळ घेऊन उतरतं. हँडब्रेक लावला, चाकांना पुढून-मागून दगड लावले. पिकअप उंच असते, जॅकशिवाय पाठीवर सरकून आत जाता येतं. ज्यांची गाडी बुटकी आहे त्यांनी चारी बाजूंना घोड्या लावाव्यात. नुसत्या जॅकवर कधी खाली जाऊ नका. जॅक बसल्यावर बरगड्या मोडलेला पोऱ्या मी पाहिलाय. खाली पोतं अंथरलं, परात ठेवली. पोरगी माझ्या शेजारी आत आली. तिची आई बाहेरून ओरडत होती, 'अगं ड्रेस खराब होईल.' झाला.

मी पाना वरच्या नटाला लावला. पोरीनं विचारलं, 'तात्या, तेल काढायचं तर वरचा आधी का?'

पानाच थांबला माझा.

मग सांगितलं. वरचा नट वर्षानुवर्षं न उघडल्यानं जाम झालेला असू शकतो. खालचा आधी खोललास, सगळं तेल काढलंस, आणि मग वरचा निघालाच नाही, तर? बॉक्स रिकामा, भरायला वाट नाही, गाडी जागेवर मेली. वरचा निघतोय एवढी खात्री झाली की मगच खालच्याला हात लावायचा. झालं. दोन वाक्यांचं उत्तर. ते मी स्वतःच विचार करकरून काढलं होतं, उस्तादाकडं सुटल्यावर कितीतरी वर्षांनी.

वरचा नट पान्याला पाइप लावून निघाला. खालचा सैल करून शेवटचे आटे हातानं फिरवले, हात चटकन बाजूला घेतला. काळपट सोनेरी धार पडली. नटाच्या आतल्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ लगदा जमला होता. हा भुगा भिण्यासारखा नाही, थोडी झीज होणारच. दाताचा तुकडा, टोचणारी कपची सापडली तर मात्र खर्च ठरलेला. आमच्यात कपची नव्हती. पण परात उन्हात धरली तर तेलात पिवळी चमक फिरत होती. जत्रेतल्या जरीसारखी. चुंबक पितळ धरत नाही, म्हणून ती तेलातच राहिलेली. पोरीनं बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं, 'हे रिंगेचं?' हो, रिंगेचं. तुझ्या बापाच्या हप्त्याचं.

तेल दुधाळ असतं तर पाणी शिरलं असतं. ओढ्याच्या पुरातून गाडी घालणाऱ्यांनी ते बघावं.

तेल थेंबाथेंबावर येईस्तोवर थांबलो. नट पुसला, नवी वॉशर घातली, आवळला. फार आवळायचा नाही, खोका अॅल्युमिनियमचा असला तर आटे जातात. मग नरसाळ्याला लांब नळी लावून वरून तेल सोडलं. पोरगी वर बॉनेटपाशी, मी खाली भोकापाशी. भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल आलं, ओघळायला लागलं, की बास. जास्त भरलं तर ते सील फोडून नाहीतर हवेच्या नळीतून बाहेर येतं, मग लोक म्हणतात सील हलकी होती.

बाप पायरीवर बसून बघत होता. त्यानं आयुष्यभर पाटलाच्या बैलगाडीच्या आखाला वंगण घातलं, त्या गाडीत कधी बसला नाही. म्हणाला, 'एवढा वेळ? आमचं एका चिंधीत व्हायचं.'

खरखर कमी झाली. पुरती गेली नाही. जे पितळ गेलं ते गेलं, तेल ते परत आणत नाही. दुसरा गिअर थंडीत सकाळी अजून कुरकुरतो, गरम झाल्यावर सरळ पडतो. भाऊ घाट उतरतोय. रिंगा कधीतरी बदलाव्या लागतीलच, पण दोन हप्ते मागं पडले नाहीत. थोडे दिवस चालवून हे तेलही काढायचं ठरवलंय, उरलेला भुगा धुऊन निघावा म्हणून.

जुन्या तेलाचा डबा घरात आहे. शेजारी मागायला आला, घराच्या वाशांना वाळवी लागलीय म्हणून. भंगारवालाही मागून गेला. ओढ्यात तर ओतायचं नाहीच, विहीर तिथनं हाकेवर आहे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणं वापरलेलं तेल परवाना असलेल्या पुनर्वापरवाल्याकडंच गेलं पाहिजे. नियम चांगला आहे, पण तालुक्याला असला परवानेवाला कुठं बसतो ते शोधावं लागतंय. तोवर डबा झाकण लावून माळ्यावर.

आणि हात पेट्रोलनं, रॉकेलनं धुऊ नका. कातडी फाटते, मग तेल आत जातं. आधी कोरड्या भुश्यानं पुसायचं, मग साबण. पोरीचे हात दोन धुण्यांत निघाले. माझ्या नखांच्या कडा निघत नाहीत. तिनं गाडीच्या पुस्तकातलं ते पान मराठीत वहीत उतरवलंय, मोठ्या अक्षरात. त्याच्या झेरॉक्स काढून वस्तीतल्या सगळ्या ड्रायव्हरांना द्यायच्या म्हणतेय. पहिली प्रत त्या गॅरेजातल्या पोऱ्याला, असं तिचं म्हणणं आहे.