ऊब आपली, धूर कोणाचा ?

मनुष्यानें जे सोबती जोडले त्यांत अग्नीइतका उपकारी सोबती दुसरा नाहीं. पण त्याचा एक स्वभाव असा कीं, तो एकटा कधींच येत नाहीं. तो ऊब घेऊन येतो आणि धूर मागें ठेवून जातो. ऊब मिळते ती जवळ बसणाऱ्यास. धूर मिळतो तो वारा जिकडे नेईल तिकडच्या माणसास. या दोहोंची वांटणी न्यायानें कशी करावी, हा प्रश्न पुस्तकांत वाचला असतां तर मीं पान उलटलें असतें. परंतु परक्या देशांत घराकरितां एक लोखंडी शेगडी निवडण्याची वेळ आली, तेव्हां तोच प्रश्न माझ्या दारांत येऊन उभा राहिला. या वार्षिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजीनें चुलीपुढें जन्म काढला असेल. म्हणून ही लहानशी हकीकत त्यांच्यापुढें ठेवण्याचें धाडस करितों.

आम्हीं 2023 सालीं लंडनच्या उत्तरेकडील एका उपनगरांत जुनें घर घेतलें. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांची ती रांग आहे. आमचें आणि शेजाऱ्यांचें धुराडें छपरावर एकाच चौथऱ्यांतून वर गेलेलें आहे. बैठकीच्या खोलींत दगडी कोळशाची उघडी अगटी होती, पण ती कित्येक वर्षें थंडच पडलेली. घर तापविण्यास गॅसची सोय आहे. परंतु 2022 सालच्या युक्रेनमधील युद्धानंतर गॅसचे दर फार चढले, आणि संध्याकाळीं सारीं माणसें एकाच खोलींत बसत असतां सगळें घर तापवावें हें मनास पटेना. त्यांत आणखी, चुलीपुढें वाढलेल्या माणसास ज्वाळेची एक ओढ असते. खरें सांगावयाचें तर गरज थोडी आणि ओढ अधिक, अशी माझी स्थिति होती.

या अगटींत लांकडें घालून ती पेटवावी, इतकें हें काम सोपें नव्हतें. लंडनचा फार मोठा भाग कायद्यानें धूर-नियंत्रित ठरविलेला आहे. तेथें उघड्या अगटींत लांकूड जाळण्यास मनाई असून लांकूड जाळावयाचें तर सरकारनें मंजूर केलेल्या बंद शेगडींतच जाळावें लागतें. धुराड्यांतून धूर निघतांना आढळला तर इंग्लंडांत 175 पासून 300 पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. हा निर्बंध कोणा अधिकाऱ्याच्या लहरींतून आलेला नाहीं. लंडनच्या धुराविरुद्ध जॉन एव्हलिन या गृहस्थानें 1661 सालींच पुस्तक लिहून राजास विनविलें होतें. पण लोकांचे डोळे पुरते उघडण्यास आणखी जवळजवळ तीनशें वर्षें लागलीं.

1952 च्या डिसेंबरांत, तारीख 5 पासून 9 पर्यंत, लंडनवर वारा पडला. जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेच्या झांकणाखालीं कोंडली गेली, आणि लक्षावधि घरांच्या व कारखान्यांच्या कोळशाचा धूर तिच्यांत साठूं लागला. भर दुपारीं माणसास स्वतःचीं पावलें दिसेनात. बसगाडीपुढें कंडक्टर मशाल घेऊन चालत. सॅडलर्स वेल्स या नाट्यगृहांत धुकें आंत शिरल्यामुळें चालू प्रयोग थांबवावा लागला. त्या वेळच्या सरकारी हिशेबाप्रमाणें सुमारें 4,000 माणसें या धुरानें मेलीं. पुढील अभ्यासकांनीं हा आंकडा 12,000 पर्यंत नेला आहे. त्यानंतर 1956 सालीं शुद्ध हवेचा कायदा झाला. मंजूर शेगडीची अट ही त्या मृतांच्या नांवानें घातलेली आहे, असें मला वाटतें.

असो. मी दुकानांत गेलों. दुकानदारानें मोठ्या अगत्यानें 8 किलोवॅटची भव्य शेगडी दाखविली. मोठी वस्तु ती चांगली वस्तु, हा समज सर्व देशांत सारखाच आहे. परंतु तेथील कारागिरांचा एक ठोकताळा माझ्या वाचनांत आला होता : खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरांत मोजून गुणावी, आणि आलेल्या घनमीटरांस 14 नें भागावें, जो भागाकार येईल तितके किलोवॅट साधारणपणें पुरतात. आमची खोली सुमारें 43 घनमीटरांची. म्हणजे गरज 3 किलोवॅटांची. तेथें 8 किलोवॅटची शेगडी ठेविली असती तर खोली भट्टीसारखी तापली असती, आणि मग आंच कमी करण्याकरितां आम्हीं तिची हवा कोंडली असती. हवा कोंडलेला अग्नि विझत नाहीं. तो धुमसतो, आणि धुमसणाऱ्या अग्नीइतका धूर दुसरा कोणताही अग्नि करीत नाहीं. म्हणून लहान खोलीस लहान शेगडी, हा निवडीचा पहिला नियम. आम्हीं 4 किलोवॅटची पसंत केली.

दुसरा नियम समजण्यास लांकूड कसें जळतें तें पाहिलें पाहिजे. आपणांस वाटतें कीं, ज्वाळा लांकडास लागलेली असते. वस्तुतः तापलेल्या लांकडांतून प्रथम पाण्याची वाफ निघते, नंतर ज्वालाग्राही वायु निघतात, आणि ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. लांकडाची बहुतेक उष्णता या वायूंतच असते. मागें उरतो तो निखारा. या वायूंस पुरेशी उष्णता व हवा मिळाली नाहीं तर ते न जळतां वर निघून जातात. धूर म्हणजे बव्हंशीं न जळलेलें सरपणच होय. चांगल्या शेगडींत हवा दोन वाटांनीं येते. एक सरपणाच्या बाजूनें, पेटवितांना उपयोगी पडणारी. दुसरी शेगडीच्या अंगानेंच तापून, कांचेच्या वरून खालीं उतरणारी. ही तापलेली हवा निसटूं पाहणाऱ्या वायूंस जाळते, आणि कांचेवर काजळीही धरूं देत नाहीं. मंजूर शेगडीच्या हवेच्या झडपेला बहुधा एक अडसर असतो. कितीही ओढली तरी ती पूर्ण बंद होत नाहीं. माणसाच्या हातास मोह होणार हें जाणून कारागिरानें तो आधींच बांधून ठेविला आहे.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. 1 जानेवारी 2022 पासून तेथें विकल्या जाणाऱ्या नव्या बंद शेगडीस, उष्णतेचा निदान 65 टक्के भाग खोलींत आला पाहिजे आणि धुरांतील कण ठराविक मर्यादेंतच राहिले पाहिजेत, असा नियम लागू झाला. धूर-नियंत्रित प्रदेशाची परीक्षा याहून निराळी; केवळ नवी म्हणून शेगडी तींत आपोआप उतरत नाहीं. आम्हीं निवड केली तेव्हांच्या मर्यादेप्रमाणें तासास 5 ग्रॅम, आणि उष्णतेच्या दर 0.3 किलोवॅटमागें 0.1 ग्रॅम, इतकाच धूर चाले. 4 किलोवॅटच्या शेगडीस हें प्रमाण तासाला सुमारें 6.3 ग्रॅम पडतें. सरकारी यादींत शेगडीचें नांव शोधून मगच आम्हीं पैसे मोजले. शेगडी बसविली ती नोंदणी असलेल्या कारागिराकडून. धुराड्यांत पोलादी नळी घातली, आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें यंत्र त्याच खोलींत लाविलें. त्या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. म्हणून नाकावर विसंबून चालत नाहीं.

पण उत्तम शेगडींत ओलें लांकूड घालणें म्हणजे नव्या शाईनें ओल्या कागदावर लिहिणें होय. नुकत्याच तोडलेल्या लांकडाच्या वजनांत निम्मेंही पाणी असूं शकतें, आणि अग्नीची कांहीं शक्ति तें आटविण्यांतच खर्च होते. 2021 च्या 1 मे पासून इंग्लंडांत थोडथोडें विकलें जाणारें सरपण 20 टक्क्यांहून अधिक ओलें नसावें असा नियम झाला. लांकूड फोडून, आंतल्या ताज्या बाजूस दोन टोंचे असलेलें लहानसें यंत्र लाविलें म्हणजे ओल किती तें कळतें. असें सुकें लांकूड आमच्या शेगडीस तासाला सव्वा ते दीड किलो पुरतें.

शेगडी अजून दुकानांतच होती तेव्हां मीं ही सगळी माहिती मोठ्या उत्साहानें कोंकणांत आईला दूरध्वनीवर सांगितली. तिनें चाळीस वर्षें मातीच्या चुलीवर स्वयंपाक केला. पावसाळ्यांत ओल्या फाट्यांवर फुंकणीनें फुंकतांना तिच्या डोळ्यांतून वाहणारें पाणी आम्ही मुलें रोज पाहत होतों, आणि चूल म्हटली कीं तें असावयाचेंच असें समजत होतों. तंबाखूला कधीं हात न लावलेल्या त्या बाईस पुढें दमा जडला, तेव्हां डॉक्टरांनीं पहिला प्रश्न चुलीविषयीं विचारला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतल्या अशा धुरानें 2020 या एका वर्षांत जगांत 32 लक्ष माणसें मृत्युमुखीं पडलीं. वर्ध्याच्या मगनवाडींत विसाव्या शतकाच्या मध्यास मगन चूल निघाली ती याच दुःखावर उपाय म्हणून. नळीवाटे धूर स्वयंपाकघराबाहेर घालविणें ही तिची युक्ति. आमच्या घरीं मात्र ती कधीं पोहोंचली नाहीं.

आईनें सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, "तुझ्या घरांत धूर नाही राहायचा, हें समजलें. पण बाहेर गेला म्हणजे तो जातो कुठें रे ? शेजारच्यांच्या घरांत ना ?"

या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही माहितीपत्रकांत नव्हतें. यादींतील शेगडी धूर कमी करते. नाहींसा करीत नाहीं. सूक्ष्म कणांच्या हिशेबानें पाहिलें तर उत्तमांतील उत्तम लांकडाची शेगडीही गॅसच्या उपकरणाहून कितीतरी अधिक कण हवेंत सोडते. हे कण अडीच मायक्रॉनांहूनही लहान. माणसाचा केंस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. डोळ्यांस ते दिसत नाहींत, पण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोंचतात. कायदा एवढेंच सांगतो कीं, इतका धूर केलास तर मी तुला शिक्षा करणार नाहीं. तो धूर शेजाऱ्यास सोसेल कीं नाहीं, हें कायद्यास ठाऊक नसतें. तें शेजाऱ्यासच विचारावें लागतें.

आमच्या भिंतीपलीकडे एक वृद्ध गृहस्थ एकटे राहतात. आमचीं मुलें त्यांना आजोबा म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ कळल्यापासून तेही त्यास ओ देतात. 1952 च्या धुक्यांत ते आठ वर्षांचे होते. शाळेंतून घरीं येतांना कुंपणाचे गज हातानें मोजीत वाट काढली, आणि त्या आठवड्यानंतर आपल्या आजीला पुन्हां पाहिलें नाहीं, असें ते सांगतात. आतां त्यांचीं फुप्फुसेंही अधू आहेत. मी शेगडीच्या पैशांची पावती करण्यापूर्वीं त्यांच्याकडे गेलों आणि सरळ विचारलें कीं, आपणांस त्रास होणार असेल तर शेगडी घेणार नाहीं.

ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले कीं, आजवर या रांगेंत कित्येकांनीं शेगड्या लाविल्या, पण आपणांस विचारावयास कोणी आलें नव्हतें. त्यांनीं नको म्हटलें नाहीं. दोन अटी घातल्या. वारा पडलेल्या, धुकें उतरलेल्या रात्रीं शेगडी पेटवूं नये. कारण अशा रात्रीं धूर वर न जातां रस्त्यांतच बसतो, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार? आणि एरवींही वास खिडकींतून आंत आला तर ते काठीनें भिंतीवर दोन टोले मारतील. मग आम्हीं नवें लांकूड घालूं नये. मीं दोन्ही अटी मान्य केल्या.

तेव्हांपासून रोजची ऊब गॅसचीच असते, आणि शेगडी आठवड्यांतून एखाद दुसऱ्या संध्याकाळीं पेटते. मोठीं लांकडें खालीं, वर बारीक ढलप्या, आणि पेटवण सर्वांत वर, अशी रचना आम्ही करितों. त्यामुळें खालून निघणारे वायु वरच्या ज्वाळेंतूनच जातात आणि आरंभींचा धूर कमी होतो. ज्वाळा नीट धरली म्हणजे मुलांपैकीं एक जण अंगणांत जाऊन धुराड्याकडे पाहतो आणि आंत येऊन वर्दी देतो. वर्षांतून निदान एकदां धुराडें झाडून घेतों. पहिल्या हिवाळ्यांत भिंतीवर तीन वेळां टोले पडले. तिन्ही वेळां आम्हीं शेगडी निखाऱ्यांवर येऊं दिली, आणि पांघरुणें घेऊन बसलों. दुसऱ्या दिवशीं त्याविषयीं कोणी कोणास कांहीं बोललें नाहीं. बोलण्याचें कारणही नव्हतें. वार्ता ऐकून आई मात्र म्हणाली, "टोले मारतात तें बरें. न मारतां खोकत बसले असते तर तुला कळलें नसतें."

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं बहुतेकांस अशी शेगडी घेण्याचा प्रसंग कदाचित् कधींही येणार नाहीं. तरी शेकोटी, पालापाचोळ्याचा ढीग, दिवाळींतील फटाके, दारांतील मोटार, असा कांहीं ना कांहीं अग्नि तुमच्याही हातीं आहे वा पुढें येईल. तो पेटवितांना यंत्र चांगलें निवडा, इंधन कोरडें निवडा, नियम काय आहे तें वाचा. आणि हें सारें झाल्यावर भिंतीपलीकडे कोण राहतें तें एकदां जाऊन पाहून या. नियम सर्वांसाठीं एकच असतो. फुप्फुसें मात्र ज्याचीं त्याला असतात.