दे इकडं, ताई

विटा रोडवरच्या ज्या गॅरेजमध्ये मी मेकॅनिकचं काम शिकले, तिथं मला कुणी वेडंवाकडं बोललं नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक तेच ऐकायला कान टवकारतात. सगळे मला ताई म्हणायचे, माझ्याहून वयानं मोठा असलेला वेल्डरसुद्धा. त्रास झाला तो त्यांच्या चांगुलपणाचा.

नट जाम झाला की मी पाना लावून जोर करायला लागायचे. लगेच शेजारचा पोरगा यायचा. "दे इकडं ताई, कशाला हात काळं करतीस?" दोन मिनिटांत नट सुटायचा, पोरगा आपल्या कामाला जायचा आणि मी तिथंच उभी. मदत करणाऱ्यावर चिडायचं तरी कसं! पण जाम नट सोडणं हा या धंद्यातला पहिला धडा आहे. त्यावर डिझेल सोडून थोडं थांबायचं, बाजूनं हातोडीनं ठोकायचं, आधी किंचित आवळून मग उलटा फिरवायचा. तरी हलला नाही तर पान्याला पाइप लावायचा. छोट्या मोटारीच्या चाकाचा नट साधारण 100 न्यूटन-मीटरला आवळतात. अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकाला म्हणजे वीसेक किलो जोर. आमच्या भागातल्या बायका डोक्यावर आणि कडेवर मिळून तेवढं पाणी वाहून आणतात. गंजलेल्या नटाला जास्त लागतो, तर पाइप लांब घ्या. ताकदीचा बाऊ करणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे. "बायकांचा हात नाजूक, अडचणीच्या जागी बरा जातो," असं कौतुक करणारेही भेटतात. तेही मला पटत नाही. हात शिकलेला असावा लागतो.

मी तालुक्याच्या आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड केला. मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात. आमच्या बॅचला मुलगी मी एकटीच. उरलेल्या जागांवर मुलंच बसली. सुरुवातीला नुसतं कानस मारणं, मग स्टँडवर ठेवलेलं धुतलेलं, पुसलेलं इंजिन. गॅरेजमध्ये इंजिन तेलानं माखलेलं असतं आणि शेजारी गाडीचा मालक घड्याळ बघत उभा असतो. तो मला ओलांडून आत डोकावायचा, "मिस्त्री हाय का?"

मिस्त्री होतेच, आणि फार गुणी होते. पण त्यांना तोंडानं शिकवता यायचं नाही. ते हातानं शिकवायचे. पोराचं मनगट धरायचे, पाना फिरवायचे, "कळलं?" म्हणायचे, की पोराला कळायचं. माझं मनगट ते धरणार नव्हते. ती त्यांची मर्यादा होती आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. मात्र त्यामुळे माझं शिकणं अडलं.

अडलं ते टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप सेट करण्यावर. जुन्या चार सिलिंडरच्या डिझेल जीपचं काम होतं. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलायला लागले की पहिल्याचे सेट करायचे, दुसऱ्याचे डुलले की तिसऱ्याचे. दोन्ही नंबरांची बेरीज पाच आली पाहिजे. एवढं पुस्तकातून येतं. पुढचं येत नाही. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये फीलर गेजची पत्ती घालायची. ती सैल सरकता कामा नये आणि अडकताही कामा नये, किंचित धरून सरकली पाहिजे. किंचित म्हणजे किती? त्यात स्क्रू बरोबर बसला तरी वरचा चेकनट आवळताना तो फिरतो आणि गॅप बदलतो. मिस्त्रींनी मग युक्ती काढली. एक टॅपेट स्वतः लावला, गेज माझ्या हातात दिलं, म्हणाले, "वढून बघ." मग मुद्दाम घट्ट केला. "आता?" मग ढिला. "आता?" शेवटी पाना आणि पेचकस माझ्याकडे देऊन ते चहाला निघून गेले, आणि जाताना पोरांना दम दिला, "तिच्या गाडीला कुणी हात लावायचा न्हाई." आठही व्हॉल्व्ह मी लावले. त्या दिवसापासून "दे इकडं" बंद झालं.

रात्री मात्र राहिल्या. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊस भरलेले ट्रॅक्टर रात्री-अपरात्री रस्त्यात बंद पडतात. मिस्त्री पोरांना घेऊन जायचे. काम बहुतेक वेळा साधंच असायचं, डिझेलमध्ये हवा धरलेली असायची. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा, फेस थांबून निखळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. पण अंधारात, नुसत्या आवाजावरून दोष ओळखायला पोरं तिथंच शिकली. मला घरून परवानगी नव्हती आणि मिस्त्रीही नेणार नव्हते. त्यामुळे त्या बाबतीत मी त्यांच्या बरीच मागे राहिले आणि नंतर ते भरून काढायला फार वेळ गेला.

बायकांना असं लांब ठेवणं कायद्यातही होतं. 1948 च्या कारखाना कायद्यात चालू यंत्राला तेल घालायला, त्याची साफसफाई करायला बायकांना मनाई लिहिलेली होती. हेतू जपण्याचाच असणार. सैल पदर पट्ट्यात गेला तर काय होतं, हे मीही जाणते. म्हणून तर पहिल्या पगारातून बॉयलर सूट शिवला. पण इंजिन चालू ठेवूनच ज्याचा आवाज ऐकायचा असतो, ते काम जपून जपून येणार कसं?

गॅरेजवाल्यांना माझं सांगणं आहे. मुलगी कामाला आली तर तिच्यासाठी दोन गोष्टी करा. संडास बांधा; मला समोरच्या हॉटेलवाल्याच्या मेहेरबानीवर दिवस काढावे लागले आणि त्यासाठी मी पाणीच कमी प्यायचे. आणि ती नटाशी झटत असेल तर लांब उभे राहा. तिला पाइप हवा असेल तर ती मागेल.