रालामंडलची पानगळ

खजराण्याच्या दक्षिणेस रालामंडलची टेकडी आहे. माथ्यावर होळकरांची शिकारकोठी. १९८९ साली हे रान अभयारण्य झाले. वैशाखातील उघडे वृक्ष पाहून आमचे पाहुणे विचारतात, येथे कोकणासारखी दाट हिरवाई का लावीत नाहीत? मला ती कल्पना रुचत नाही. या कोरड्या उतारावर सदाहरित वन टँकरच्या पाण्यावरच तगेल. पानगळ ही या रानाची काटकसर आहे. पाचोळाच मातीची ओल राखतो. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली इंदूर दरबारास नगररचनेचा अहवाल दिला. आधी स्थळाचा स्वभाव ओळखावा, मग आखणी करावी, ही त्यांची दृष्टी. आपल्या पूर्वजांनीही घरात मराठी जपली, पण पानात दाल-बाफले आनंदाने वाढले. रानाला मात्र माळव्याचे राहू देणे आपल्याला जड का जावे?