गॅलरीतली रेंज

माणूस घर का बांधतो, याची कारणे शाळेच्या पुस्तकात दिलेली असतात : ऊन, वारा, पाऊस आणि हिंस्र पशू. आमचे नवे घर या चौघांपासून आमचे कितपत रक्षण करते, हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पहिल्याच पावसाळ्यात खिडकीखाली ओल आली, आणि वाऱ्याचे म्हणाल तर दारे आपटून आपटून शेजाऱ्यांशी अबोला होण्याची पाळी आली. पण मोबाईलच्या लहरींच्या बाबतीत मात्र आमचे घर म्हणजे जंजिऱ्याचा किल्ला आहे. बाहेर समुद्र कितीही खवळो, आत यायची कोणाची छाती नाही!

आम्ही ठाण्याला, नौपाड्यात राहतो. जुनी दुमजली इमारत पाडून तिच्या जागी बारा मजले उभे राहिले आणि आम्हाला तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. जुन्या घराच्या भिंती विटांच्या होत्या, तावदाने साध्या काचेची. तिथे फोन कुठेही पडलेला असे आणि कुठूनही वाजे. नव्या इमारतीत साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओतल्या आहेत आणि त्यांच्या पोटात लोखंडी सळ्यांची जाळी आहे. हॉलच्या लांबरुंद काचेवर ऊन परतवण्यासाठी धातूचा पातळ मुलामा आहे. तो उन्हाबरोबर फोनच्या लहरीही परतवतो, हे माहितीपत्रकात छापलेले नव्हते. १८३६ साली मायकेल फॅरेडेने धातूने मढवलेली एक खोली बांधली आणि बाहेर विजेचा कितीही कडकडाट केला तरी आत त्याचा मागमूस लागत नाही, हे दाखवून दिले. आमचे घर काही तितके पक्के नाही. पण त्याच घराण्यातले आहे.

गंमत अशी, की टॉवर आमच्या गॅलरीतून दिसतो. गॅलरीत फोनवर सगळ्या काड्या उभ्या, हॉलमध्ये दोन, आणि आतल्या खोलीत फुली. या काड्यांवर फारसा विश्वास ठेवू नये, हे मी मागाहून शिकलो. फोन बनवणारा प्रत्येकजण त्या आपल्या मर्जीने काढतो. खरा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये दडलेला असतो. तो ‘डीबीएम’ नावाच्या मापात असतो आणि नेहमी उणे असतो. तो दहाने घसरला की लहरींची ताकद एक दशांश उरते. आमच्या गॅलरीत उणे ७५ आणि आतल्या खोलीत उणे ११५. म्हणजे वीस पावलांत ताकद दहा हजारांश झाली! गणपतीची मिरवणूक रस्त्यावरून जाते तेव्हा खिडक्या लावल्या तरी ढोलाचा धमधमाट आत येतोच, ताशाची तडतड मात्र बरीचशी बाहेर राहते. लहरींचेही काहीसे असेच आहे. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या ठाय लयीतल्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी झिरपतात. २३०० किंवा ३३०० च्या द्रुत लहरी उंबऱ्यावरच दम सोडतात. आणि जलद इंटरनेटच्या हौसेपायी आपल्याला हव्या असतात त्या नेमक्या याच!

हे सगळे शास्त्र मी एरवी शिकलो नसतो. बोलायचे झाले की गॅलरीत जावे, हा रिवाज घरात पडूनच गेला होता. आईचाही तोच होता. तिचे वय त्र्याऐंशी. दुपारचा चहा झाला की साडेचारच्या सुमारास ती गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसे आणि कुडाळजवळच्या आमच्या आजोळी अक्काला फोन लावी. अक्का तिची थोरली बहीण. सात भावंडांपैकी आता या दोघीच उरल्या आहेत. काय बोलत कोण जाणे, पण अर्धा तास बोलत.

गेल्या श्रावणात आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. घरी आणल्यावर तिची कॉट आतल्या खोलीत टाकली, कारण संडास-बाथरूम तिथे लागून. फोन उशाशी ठेवला. तो मुका होता, हे त्या धांदलीत कोणाच्या लक्षातही आले नाही. इकडे अक्का रोज साडेचारला फोन लावी आणि ‘ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे’ असे एक अनोळखी बाई तिला गोड आवाजात सांगे. चौथ्या दिवशी आमच्या मावसभावाचा माझ्या बायकोच्या कचेरीत फोन आला. “वहिनी, अक्का कालपासून जेवत नाही. तुम्ही तिच्यापासून काहीतरी लपवताय, असं तिच्या डोक्यात बसलंय. मावशी खरंच आहे ना?”

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईने ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ या शब्दांचा दुसरा कोणता अर्थ लावायचा?

तुम्ही म्हणाल, व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलायचे. अक्काकडे बटणांचा फोन आहे आणि हिरवे बटण सोडून बाकीच्यांशी तिचा परिचय नाही. तारेचा फोन जुन्या घराबरोबरच गेला. मी निरोप पाठवले, फोटो पाठवले. ते जुने असतील, असे अक्काचे म्हणणे. तिला बहिणीचा आवाज हवा होता. मग मी कॉट खिडकीशी सरकवली, मध्ये येणारे लोखंडी कपाट हलवले. आकडा उणे १०८ वर आला. फोन लागे, पण अर्धे शब्द गिळून टाकी. आई ओरडून ओरडून दमे. शिवाय बॅटरी दुपारीच मान टाकी. कारण टॉवर नीट ऐकू येईना की फोनही आपला आवाज चढवतो.

या विषयात सल्लागारांना तोटा नाही. एकाने फोनच्या पाठीला चिकटवायची सोनेरी पट्टी आणून दिली. तिने पाठ तेवढी शोभिवंत झाली. एका दुकानदाराने ‘बूस्टर’ नावाची पेटी दाखवली : गच्चीवर एक अँटेना, घरात दुसरी, मध्ये आवाज वाढवणारे यंत्र. भाव ऐकून मी बसलो आणि कायदा वाचून उठलो. असे यंत्र खाजगी माणसाने परवान्याशिवाय लावणे हा गुन्हा आहे, आणि तो उगीच नाही. मांडवातला कर्णा आणि माईक समोरासमोर आले की जी कर्कश शिट्टी सुटते, तशीच शिट्टी या दोन अँटेनांतून सुटू शकते. ती आपल्याला ऐकू येत नाही. टॉवरला येते, आणि आसपासच्या शेकडो लोकांचे फोन तिच्यात बुडतात. माझ्या आईचा आवाज कुडाळला पोचावा म्हणून दुसऱ्या कोणाच्या आईचा आवाज बुडवणे मला पटले नाही.

तोडगा शेवटी फोनमध्येच निघाला. त्याला ‘वाय-फाय कॉलिंग’ म्हणतात. आपल्याकडे ही सोय २०१९ च्या डिसेंबरपासून सुरू झाली. भिंत फोडायचीच नाही. घरात तारेने येणाऱ्या इंटरनेटवरून साधा फोन करायचा. नंबर तोच, समोरच्याकडे बटणांचा फोन असला तरी चालते, आलेला फोनही तसाच वाजतो. नातवाचा जुना स्मार्टफोन आईकडे होताच. सेटिंगमध्ये एक कळ फिरवली. पण वाय-फायची पेटी होती हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे, आणि तिच्या लहरींना आमच्या भिंती थोड्याच आपले म्हणणार! तेव्हा वायरमनकडून एक केबल आतल्या खोलीपर्यंत ओढून घेतली आणि दुसरी पेटी आईच्या उशाशी लावली. दिवे गेले की हा सगळा खेळ थांबतो, म्हणून दोन्ही पेट्यांना छोट्या बॅटऱ्या जोडल्या. बूस्टरच्या मानाने खर्च किरकोळ.

साडेचारला मी फोन लावून आईच्या हातात दिला. पलीकडून अक्काचा आवाज इतका स्वच्छ आला की मी दारापाशी उभा असूनही मला ऐकू येत होता.

“कोण?”

“अगं अक्का, मी.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग अक्काने दरडावून विचारले, “मागल्या विहिरीत कोण पडलं होतं?”

“तूच की! आणि मला मार बसला.”

यानंतर दोघींपैकी कोणीच काही बोलेना. मला वाटले रेंज गेली. पाहतो तो आकडा चांगला होता. मग अक्का म्हणाली, “जेवलंस काय गो?” आणि गाडी रुळावर आली.

आता हा फोन रोज होतो. आई वॉकर घेऊन चालू लागली आहे, गॅलरीपर्यंतही येते; पण बोलायला मात्र कॉटवरच बसते. एक अडचण तेवढी उरली आहे. गॅलरीचे दार लावले की दोघी काय बोलतात ते घरात कोणाला कळत नसे. आता सुनेने आमटीत गूळ किती घातला, यावरचा अक्काचा अभिप्राय स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट येतो. परवा मी चहाचा कप उचलायला गेलो, तेव्हा आईने फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाली,

“जाताना दार ओढून घे रे.”