क्रूझ कोणत्या घराला मानवते?

न्हावा-शेवा बंदराच्या शेजारी वसलेल्या द्रोणागिरीला जहाजांचं अप्रूप नाही. कंटेनरचे ट्रेलर तर इथल्या रस्त्यांवर रोजचेच. पण जहाजावर सुट्टी घालवायला जायचं, ही कल्पना इथल्या घरांत नवी आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी लोकल उरणपर्यंत पोचली. सेतूने चिर्ल्याहून शिवडी गाठली की जिथून क्रूझ सुटते ते बॅलार्ड पिअर फार लांब राहत नाही. त्यामुळे सुट्टीचा विषय निघाला की सहली आखून देणाऱ्यांपुढे प्रश्न येतोच: मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन क्रूझला जावं का?

सहली आखण्याच्या व्यवसायात राहून माझं मत असं झालंय, की घरची माणसं गाव बघायला निघालीत की एकत्र राहायला, हे आधी ठरवावं. गोवा बघायचा असेल तर क्रूझ नको. बोट मुरगावला लागते, तिथून पणजी सुमारे तीस किलोमीटर, आणि ठरल्या वेळेला परत चढायचं असतं. देवळं, बाजार, किनारा हे सगळं त्या मोजक्या तासांत बसत नाही. उलट, तीन पिढ्यांना निवांत वेळ हवा असेल तर बोटीसारखी सोय क्वचितच मिळते. सामान एकदाच उघडायचं, जेवण तयार, लिफ्ट आहे, नातवंडं पोहण्याच्या तलावात आणि आजोबा डेकवरच्या खुर्चीत.

कोकणच्या माणसाला बोट नवी नाही. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या आगबोटी हर्णै, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत जायच्या. डेकवर पथारी टाकायची, बंदर आलं की पडावातून किनारा गाठायचा. तेव्हा बोट गावाला पोचवायची. आता लोक बोटीसाठीच बोटीत बसतात.

जुन्यांच्या मनात भीतीही आहे, आणि ती निराधार नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. भर पावसाळ्यातली ती घटना. म्हणूनच हंगाम पाहणं महत्त्वाचं. मुंबईहून फिरणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजानेही पावसाळ्यात पश्चिम किनारा सोडून चेन्नईहून फेऱ्या केल्या आहेत. दिवाळीनंतर अरबी समुद्र बराच निवळतो.

राहिला प्रश्न बोट लागण्याचा. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँचने बिनत्रास जाणाऱ्याला मोठं जहाज बहुधा त्रास देत नाही, कारण लाँच कितीतरी जास्त हलते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं कमी करतात. तरीही केबिन जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावरची मागावी. तिथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी मळमळ सुरू होण्याआधीच घ्यावी.

पैशांचा हिशेब मात्र नीट करा. जाहिरातीतला आकडा बहुतेकदा एका केबिनमध्ये दोघं धरून असतो. त्यावर बंदर शुल्क, कर, सेवाशुल्क, वायफाय आणि किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. स्वस्त केबिन आतल्या बाजूची, म्हणजे खिडकी नाही. आणि चौघांच्या केबिनमध्ये दोघांना वरच्या, घडी होणाऱ्या बर्थवर चढावं लागतं. त्या मुलांना द्याव्यात. आजी-आजोबांसाठी दुसरी, खिडकीवाली केबिन घेतली तर खर्च वाढतो, पण सुट्टीचे दिवस त्यांचेही होतात.

लक्षद्वीपची फेरी निवडताना आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. अगत्तीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, दूर नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या पाण्यात होडीत पाय टाकणं मुलांना गंमत वाटेल, पण गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजीला ते झेपणार नाही. तिच्यासाठी मुरगावच्या धक्क्याला लागणारी गोव्याचीच फेरी घ्यावी.