सण हाच साक्षीदार

मराठी रहस्यकथा ज्या दिवाळी अंकांनी घरोघरी नेली, त्या अंकांचं मूळ नाताळात आहे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तो इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांचा नमुना समोर ठेवून. पुढे 'नवल', 'धनंजय' अशा अंकांनी गूढकथा आणि रहस्यकथांना हक्काची जागा दिली. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीत बसून मी रहस्यकथा लिहितो, तो याच अंकांवर वाढलेला वाचक म्हणून. डिसेंबर लागला की नाताळच्या जुन्या इंग्रजी रहस्यकथा पुन्हा काढतो. सणाला कथेत कामाला कसं लावायचं, हे त्या शिकवतात.

कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्सची निळ्या रत्नाची कथा १८९२च्या जानेवारीत 'स्ट्रँड' मासिकात आली. चोर घाबरून रत्न एका हंसाच्या घशात कोंबतो, कारण बहिणीने नाताळची भेट म्हणून त्याला एक हंस देऊ केलेला असतो. तो नेमका भलताच पक्षी घेऊन जातो आणि रत्न पोटात असलेला हंस बाजारात पोहोचतो. तिथून तो एका गुत्त्यातल्या भिशीत जातो. गिऱ्हाइकांनी दर आठवड्याला चार पैसे भरायचे आणि नाताळला प्रत्येकाने एक हंस न्यायचा. हा सण नसता तर रत्न तिथवर पोहोचलंच नसतं.

चेस्टरटन यांच्या फादर ब्राऊनची हिऱ्यांची कथा १९११च्या संग्रहात आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी घरात हौशी नाटक रंगतं. चोराच्या अंगावरचे खरे हिरे पोशाखाच्या खोट्या खड्यांत मिसळून जातात आणि दारात आलेला खरा पोलीस सगळ्यांना नाटकातलाच वाटतो. चोरी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते.

दोन्ही कथांत चोराला बेड्या पडत नाहीत. होम्स त्याला जाऊ देतो. फादर ब्राऊनच्या बोलण्याने चोर हिरे टाकून निघून जातो. नाताळ क्षमेचा सण आहे, म्हणून हे शेवट पटतात. माणसं जमवणं, वस्तू लपवणं आणि शेवट ठरवणं, ही तिन्ही कामं सण करतो.

मराठवाड्यात नाताळ परका नाही. जालन्याजवळचं बेथेल हे नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं ख्रिस्ती गाव. माझ्या कथेतली परिचारिका तिथली, नोकरीनिमित्त बोरीत राहणारी. नाताळच्या आदल्या रात्री गाणी म्हणणारी मंडळी तिच्या घरी येतात, दार सताड उघडं असतं, आणि सोन्याची साखळी जाते. संशय अर्थातच पाहुण्यांवर. खरं तर साखळी करंज्यांच्या ताटातून, रुमालाखाली, घराबाहेर पडलेली असते. सणाच्या फराळावरचा रुमाल उचलून कुणी झडती घेत नाही.

शेजारी सांगतो, "मी रातभर हरभऱ्यात दारं धरत होतो." पहिल्या पानावर एक म्हातारी जाता जाता म्हणून गेलेली असते, की या आठवड्यात रानातली लाईट दिवसा आहे. बोरीचा वाचक तिथंच थबकेल: रात्री लाईट नाही तर मोटार नाही, आणि मोटार नाही तर हरभऱ्याला पाणी कुठलं? पुण्याच्या वाचकाला कदाचित शेवटी उलगडेल, पण पुरावा त्याच्यासमोरही पहिल्यापासून ठेवलेला आहे. रहस्यकथेतला प्रामाणिकपणा तो हाच. वाचकापासून काही दडवायचं नाही. त्याला रोजचं वाटेल अशा जागी ते ठेवायचं. शेवटी साखळी परत येते आणि पोलीस ठाण्याची पायरी कुणी चढत नाही. नाताळच्या कथेला हाच न्याय शोभतो, असं मला मनापासून वाटतं.

परभणीकडच्या नव्या लेखकांना माझं एवढंच सांगणं आहे. बर्फ आणि घंटा उसन्या आणू नका. आपल्या डिसेंबरात तूर आहे, वेचणीचा कापूस आहे, लाईटच्या पाळ्या आहेत. कथा लिहून झाली की तिच्यातून सण काढून पाहा. गुन्हा तरीही जसाच्या तसा घडत असेल, तर कथा पुन्हा लिहा.