प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा

मालाड पश्चिमेच्या एका महाविद्यालयात मराठी विभागाच्या अंतर्गत मूल्यमापनाचे परिपत्रक आले, तेव्हा विभागप्रमुख बाई तृतीय वर्षाला समीक्षेच्या मूलभूत संकल्पना शिकवीत होत्या. विभाग दोन माणसांचा : एक बाई आणि दुसरे तासिका तत्त्वावर काम करणारे सर. मागील पाच वर्षांची माहिती तीन आठवड्यांत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे द्यायची होती. त्यानंतर प्राचार्य, कक्षाचे समन्वयक आणि दुसऱ्या महाविद्यालयातील एक विषयतज्ज्ञ विभागात येऊन कागद पाहणार होते.

समीक्षा, परीक्षण, मूल्यमापन हे ज्यांचे रोजचे शब्द, त्यांनाच ते शब्द असे टपालाने परत यावेत यातला विनोद बाईंच्या ध्यानात आला. पण त्या अडल्या त्या ‘मूल्यांकन’ या शब्दापाशी. अंकन म्हणजे खरे तर खूण करणे. कार्यालयीन व्यवहारात मात्र त्यातला अंकच उरतो. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे ‘नॅक’ने, २०१७ साली आपली पद्धत बदलली आणि बहुतांश भार मोजता येणाऱ्या निकषांवर टाकला. २०२१ साली मुंबई विद्यापीठाला चारपैकी ३.६५ गुण मिळाले. दशांशचिन्हानंतरच्या त्या दोन आकड्यांचे वाचन कसे करायचे, हा प्रश्न कोणत्याही समीक्षापद्धतीच्या अभ्यासकाला पडावा असाच आहे.

तरीही आकड्यांची कुचेष्टा करण्याचा अधिकार मराठीच्या विभागांना फारसा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबई विद्यापीठाने देशी भाषांना वरच्या परीक्षांतून वगळले होते. त्यांना पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून झगडणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांचे एक महत्त्वाचे साधन ग्रंथगणना हेच होते. १८६४ अखेरपर्यंतच्या मराठी ग्रंथांच्या सूचीवर त्यांनी अभिप्राय लिहिला, आणि १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे इंग्रजी टिपण. त्यांत किती ग्रंथ झाले हे आहे आणि ते कसे आहेत हेही आहे. मोजणारा आणि वाचणारा तिथे वेगळे पडलेले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी एम.ए.ला मराठी आली, तीमागे अशा मोजणीचाही हात होता. बाईंना हे ठाऊक होते, म्हणून त्या मुकाट्याने कागद गोळा करू लागल्या.

पहिला आठवडा छायाचित्रांत गेला. वाङ्मय मंडळाचा कार्यक्रम झाला हे सिद्ध व्हायला सूचना, उपस्थितांच्या सह्या, अहवाल आणि तारखेसह छायाचित्र लागते. एका पावसाळ्यात गाड्या बंद पडल्यामुळे मालवणी आणि कुरारची सात-आठ मुले वर्गातच अडकली होती आणि ‘गोलपिठा’वरची चर्चा संध्याकाळपर्यंत चालली होती. तिचा पुरावा काहीच नव्हता. बाईंनी ती सोडून दिली.

दुसऱ्या आठवड्यात ग्रंथालयातून प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आला. तृतीय वर्षाची परीक्षा विद्यापीठाची. पण पहिल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका महाविद्यालयातच निघतात, म्हणजे त्या बाईंनीच काढलेल्या होत्या. वर्षाला सहा, अशा तीस. परिपत्रकाला त्यांची फक्त संख्या हवी होती. बाई त्या वाचत बसल्या. करोनाकाळातले बहुपर्यायी प्रश्न वगळले, तर ‘चर्चा करा’, ‘स्पष्ट करा’, ‘विशेष सांगा’ हीच क्रियापदे फिरून फिरून येत होती. वर्गात न शिकवलेली एकही कविता पाच वर्षांत मुलांसमोर ठेवलेली नव्हती. वाचकाची संहितेशी स्वतंत्र गाठ पडते तिथून समीक्षा सुरू होते, असे दरवर्षी पहिल्याच तासाला सांगणाऱ्या बाईंनी ती गाठ परीक्षेत एकदाही पडू दिली नव्हती.

कारण त्यांना लगेच सापडले, आणि ते त्यांना आवडले नाही. सकाळी कॉलेज आणि दुपारी दुकानात नोकरी करणाऱ्या मुलांवर अपरिचित कविता लादणे अन्यायाचे होईल, असे त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. त्या करुणेच्या खाली दुसरा हिशोब होता : मुले नापास झाली तर निकाल घसरतो, निकालामागून प्रवेश, प्रवेशामागून कार्यभार, आणि कार्यभार गेला की निवृत्तीनंतर पद भरले जात नाही. विभाग टिकवण्यासाठी विभागाचे काम बाजूला ठेवले गेले होते.

अहवालात ‘उणिवा’ अशी एक चौकट होती. समन्वयक वाणिज्य शाखेचे, मनाने चांगले. ते म्हणाले, “मॅडम, उणीव अशी लिहायची की जिची जबाबदारी आपल्यावर नसेल. जागा कमी, निधी अपुरा. हे प्रश्नपत्रिकांचं कशाला?”

बाईंनी चौकटीत दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

भेटीच्या दिवशी समितीचा वेळ बराचसा सह्यांच्या पटांवर गेला. शेवटी विषयतज्ज्ञांनी त्या दोन ओळींवर बोट ठेवून विचारले, “मग पुढच्या सत्रात कोणती कविता देणार?” बाईंपाशी उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी मालाड स्थानकात बोरिवलीच्या दोन गाड्या त्यांनी जाऊ दिल्या. एकेक कविता आठवून पाहिली. बहुतेक सगळ्या त्यांनी कधी ना कधी शिकवलेल्या होत्या.

पुढच्या सत्रात द्वितीय वर्षाच्या प्रश्नपत्रिकेत कवीचे नाव न देता एक छोटी कविता छापली गेली, दहा गुणांना. बऱ्याच मुलांनी तो प्रश्न सोडूनच दिला. काहींनी पाठ केलेले कवितेचे विशेष तिला चिकटवले. एका मुलीने ‘ही कविता मला पूर्ण कळली नाही’ असे लिहून, कुठपर्यंत कळली आणि कोणत्या शब्दापाशी अडले, ते अर्ध्या पानात सांगितले होते. गुणदानाच्या तक्त्यात प्रस्तावना, आशय, अभिव्यक्ती, समारोप असे चार रकाने होते. बाईंनी ती उत्तरपत्रिका गठ्ठ्यातून काढून वेगळी ठेवली आणि पुढची उघडली.